दोन बोटं वाऱ्यासाठी

कापडगिरणीत आयुष्य काढलं असं सांगितलं की लोक मला सुताच्या नंबरांबद्दल विचारतात. मला सुतातलं काही कळत नाही. माझ्या शर्टाचं कापड सुती आहे की दुसरं कसलं, हेही बायकोला विचारावं लागतं. लालबागच्या एका गिरणीत मी बत्तीस वर्षं इमारत खात्याचा ओव्हरसियर होतो. गळकी छपरं, तुंबलेली गटारं, खचलेल्या जमिनी आणि सरकलेल्या भिंती हे माझं राज्य. यंत्रं चालत राहिली तर शाबासकी दुसऱ्यांना, छप्पर गळलं तर बोलावणं मला. या राज्यातली सगळ्यात उंच रयत म्हणजे गिरणीचं धुराडं.

धुराडं म्हणजे नुसता विटांचा नळ, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण तो नळ धूर सोडण्याइतकंच हवा ओढण्याचंही काम करतो. त्याच्या ओढीवर बॉयलरखालचा जाळ पेटता राहतो, जाळावर वाफ आणि वाफेवर गिरणी. आमचं धुराडं पावणेदोनशे फुटांचं, चुन्यात बांधलेलं, खाली बारा फूट रुंद आणि वर निमुळतं. करी रोडच्या पुलावरून पाहिलं तर दहा-बारा धुराड्यांमधून मी आमचं ताबडतोब ओळखायचो, कारण ते वाकडं होतं.

वाकडं म्हणजे थोडंथोडकं नाही. शेंडा पूर्वेकडे तीन फूट झुकलेला. वर्षानुवर्षं पश्चिमेचा वारा खाऊन आणि आतल्या धुराने चुना कुजून ते कलत गेलं होतं. पूर्वेला गिरणीच्या भिंतीला लागूनच आमच्याच कामगारांची दुमजली चाळ होती. चाळीतल्या माणसांना त्या झुकण्याची सवय झाली होती. वर बघून कुणी घाबरत नसे, पाहुणे आले की ते मात्र घाबरत. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वर बघून घेरी आली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. भिंतीभिंतीवर घोषणा, संध्याकाळी मैदानावर सभा आणि केव्हा हरताळ पुकारला जाईल याचा नेम नाही. त्यातच पावसाळा संपल्यावर मी माप घेतलं तर धुराडं एका पावसात अडीच इंच आणखी कललं होतं. आमचे चीफ इंजिनियर साहेब गोरे होते, मायदेशी परतायच्या बेतात असलेले, सज्जन पण चटकन हात टेकणारे. त्यांनी कागदावर निर्णय लिहिला. धुराडं पाडायचं, चाळ रिकामी करायची, नवं धुराडं बांधायचं. म्हणजे आठ महिने गिरणी बंद आणि दोन्ही पाळ्यांची माणसं घरी. चाळीतल्यांची नोकरी आणि छप्पर एकाच कागदाने जाणार होतं.

मी साहेबांना विचारलं, आहे ते सरळ करता येणार नाही का? ते हसले आणि म्हणाले, ‘‘दॅट्स स्क्वेअरिंग द सर्कल.’’ त्यांच्या भाषेत अशक्य गोष्टीमागे लागणाऱ्याला असं म्हणतात, वर्तुळाचा चौकोन करायला निघालाय. मला शाळेतली भूमिती आठवली. कंपास आणि पट्टी घेऊन वर्तुळाएवढाच चौकोन काढायचा, तो कधीच निघत नाही. मास्तरांनी ते सांगितल्यावरही मी महिनाभर तो काढत बसलो होतो, तेव्हा माझा स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल.

चाळीतल्याच एका फिटरने मला जानू मिस्त्रींचं नाव सांगितलं. हे मालवणकडचे, पिढीजात खलाशी. बाप-आजे गलबतांच्या डोलकाठ्यांवर चढायचे. गलबतं कमी झाली तसे जानू मिस्त्री मुंबईला येऊन धुराड्यांवर चढू लागले. पन्नाशीचे, बुटके, पाय आत वळलेले, जमिनीवर चालताना अवघडलेले वाटायचे. आले ते धुराड्याकडे बघेनात. आधी त्याच्या बुंध्याशी बसून त्यांनी चुना नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. मग विटेला कान लावून बराच वेळ बसले. साहेब माझ्याकडे बघत होते, मी दुसरीकडे बघत होतो.

‘‘ओवरसेरांनू, ह्यां पाडूचा नाय,’’ शेवटी मिस्त्री उठून म्हणाले. ‘‘ह्यां सरळ होतला.’’

साहेबांनी पुन्हा ते वर्तुळाचं वाक्य म्हटलं. साहेब काय म्हणाले, असं मिस्त्रींनी मला विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘गोलाचो चौकोन करूक माका येणा नाय. वाकड्याचा सरळ करूक येता, तेवढा सांगा तेंका.’’ मी तेवढंच सांगितलं. साहेबांना त्या उत्तराचा राग यायला हवा होता, पण त्यांनी बारा दिवस दिले. बॉयलरच्या वार्षिक सफाईसाठी जाळ विझवायचाच होता, तेवढीच मुदत. बारा दिवसांत जमलं नाही तर पाडायचं.

मिस्त्रींच्या अटी दोन. लोहाराकडून सहा फुटी करवत करून हवी होती, मोठ्या दात्यांची. आणि चाळीत एक खोली हवी होती, धुराडं कललंय त्याच बाजूची, अगदी भिंतीलगतची. मला वाटलं, राहायची सोय हवी असेल. दुसऱ्या दिवशी ते बायको सुभद्रावहिनी आणि सात वर्षांची मुलगी शेवंती यांना घेऊन आले, चूल मांडली, दाराला तोरण लावलं. त्यांच्या घराण्यात ही रीतच होती. ज्या धुराड्याला हात लावायचा त्याच्या कलत्या अंगाला, त्याच्या पडण्याच्या वाटेत आपलं बिऱ्हाड करायचं आणि काम होईपर्यंत हलवायचं नाही. चाळ रिकामी करायला आलेल्या कारकुनाला लोकांनी ते तोरण दाखवलं. त्यानंतर एकही बिऱ्हाड हललं नाही. त्या सगळ्यांची जबाबदारी मात्र माझ्यावर आली, कारण मिस्त्रींना आणणारा मी होतो.

आता हे सरळ करायचं कसं, ते सांगतो. ऐकून माझ्यासारखाच तुमचाही विश्वास बसणार नाही. धुराडं पूर्वेकडे कललं असेल तर पश्चिमेच्या अंगाला, विटांच्या दोन थरांमधला चुना करवतीने कापायचा, निम्म्या गोलाईपर्यंत. कापत जाल तशा फटीत लोखंडी पाचरी बसवायच्या, म्हणजे वरचा भार त्यांच्यावर राहतो. मग त्या पाचरी एकेक करून हळूहळू सैल करायच्या. फट मिटते आणि वरचं सगळं धुराडं आपल्याच वजनाने मागे येतं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. असे काप निरनिराळ्या उंचीवर सहा. शेंडा वर तीन फूट हलवायला सगळे काप मिळून तीन इंचांच्या आसपासच भरतात. मी तो हिशेब चार वेळा मांडून पाहिला, चारही वेळा तोच आला.

पहिल्या कापाआधी मिस्त्रींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको. देवाला, गावच्या राखणदाराला, जागेवाल्याला एकेक नाव घेऊन हाक मारायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यांनी त्यात धुराड्यालाही हाक मारली. बांधणाऱ्या, आता नाव माहीत नसलेल्या गवंड्यांना मारली. चाळीतली झाडून सगळी माणसं अंगणात उभी होती. मी गिरगावचा, आमच्या घरी गाऱ्हाणं नाही, पण तिसऱ्या वाक्याला मीही ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो.

दोन माणसं परांचीवर करवत ओढत होती, तिसरा फटीत पाणी सोडत होता. पांढरं पाणी विटांवरून ओघळत होतं. संध्याकाळी मिस्त्रींनी पाचरी सैल करायला घेतल्या. एक हात विटेवर, एका हातात हातोडी. आणि धुराड्याने आवाज केला. जुन्या दाराची बिजागरी करते तसला, पण खोल, पायाखालून आलेला. मी खाली उभा होतो आणि माझ्या तळव्यांना तो ऐकू आला. इतकी वर्षं मी विटा, चुना, वजनं, मापं यांच्यात वावरलो होतो. हे सगळं मिळून हलू शकतं, एखाद्या झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं, हे मला पहिल्यांदा कळलं. माझे डोळे भरून आले. साहेबांनी टोपी काढली होती.

किती हललं ते मोजायचं काम माझं. शेंड्यावरून एक लोखंडी दांडी बाहेर काढलेली, तिला लांब तार आणि तारेला पितळी ओळंबा. वाऱ्याने तो झुलू नये म्हणून माप घेईपर्यंत तो तेलाच्या घमेल्यात बुडवून ठेवायचा. खाली दगडी फरशीत मिस्त्रींनी तांब्याचा एक खिळा ठोकला होता. धुराडं बिनचूक सरळ झालं की ओळंब्याचं टोक त्या खिळ्यावर यायला हवं. फरशीशेजारी एका फळीवर मी खडूने रोजच्या खुणा करायचो, वहीत आकडे लिहायचो आणि त्यावरून पुढच्या कापाची जाडी काढून मिस्त्रींना सांगायचो. ते प्रत्येक वेळी ‘होय होय’ म्हणायचे. सकाळी मला हजेरीचं आणि ऑफिसचं काम असे, म्हणून माप मी नेहमी जेवण झाल्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला घ्यायचो. नऊ दिवस मी हे अगदी ऐटीत केलं.

पाच काप झाले. सहावा अर्धा कापून झाला होता, फट पाचरींवर तोललेली होती, आणि दुसऱ्या दिवशी हरताळ जाहीर झाला.

संध्याकाळी मी मिस्त्रींना विचारलं, उद्या काय? अर्धवट कापलेलं धुराडं आणि खाली चाळ. मुदतीचे उद्या धरून तीनच दिवस राहिलेले. ते हातपाय धुऊन दारात बसले होते. सुभद्रावहिनींचा मावसभाऊ त्याच वर्षी गोळीबारात गेला होता, त्याचा फोटो नव्हता म्हणून त्याची टोपी खुंटीला लावलेली होती. मिस्त्री त्या टोपीकडे बघून म्हणाले, ‘‘उद्या हत्यार हातात घेवचंय नाय. पण धुराडां एकटां सोडूचंय नाय.’’

हरताळाच्या दिवशी ट्राम बंद होती. मी गिरगावातून अंधार असतानाच चालत निघालो आणि उजाडायला लालबागला पोचलो. रस्ते एवढे शांत मी कधी पाहिले नव्हते. मिस्त्री परांचीवर, सहाव्या कापाच्या चाळीकडच्या टोकाशी, पाठ विटांना टेकून बसले होते. हात मांडीवर रिकामे. करायला काही नव्हतं म्हणून मी माप घेतलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच सकाळी घेतलं. धुराडं आदल्या दुपारपेक्षा तीन बोटं जास्त सरळ होतं. मी खूश झालो. रात्रीत पाचरी थोड्या दबल्या असतील, काम आपोआप पुढे सरकलंय, असं मी मनाशी म्हटलं आणि वहीत लिहूनही टाकलं.

दुपारी दोन वाजता पुन्हा ओळंबा सोडला. तो पूर्वेकडे दोन बोटं सरकला होता. चाळीकडे. मी तारेचा गुंता झालाय का पाहिलं. तेल बदललं. तीन वाजता माप घेतलं तर तीन बोटं. दिवसभर कुणी हातोडी उचलली नव्हती आणि धुराडं चाळीकडे चाललं होतं. माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं: पश्चिमेला कापून कापून सगळा भार पूर्वेच्या विटांवर गेलाय आणि त्या चिरडताहेत. मी परांचीवर चढलो. आयुष्यात तेवढ्या उंचीवर मी त्याआधी गेलो नव्हतो आणि नंतरही गेलो नाही.

मी मिस्त्रींना आकडे सांगितले. म्हटलं, हरताळ गेला खड्ड्यात, पाचरी आत्ता काढा, ते पश्चिमेकडे येऊ दे. त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, तुम्ही नाही काढत तर मी काढतो, आणि हातोडीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या बुटक्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

‘‘तुमची बायको-मुलगी खाली आहे, मिस्त्री,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणानच सांगतंय,’’ ते म्हणाले. ‘‘सूर्य बुडांदे, मगे बघा.’’

मी खाली उतरून चाळीत धावलो. मिस्त्रींच्या दारात वहिनी तांदूळ निवडत होत्या, शेवंती बाजूला सागरगोटे खेळत होती. निदान अंधार पडेपर्यंत रस्त्यापलीकडे चला, सगळ्या चाळीला घेऊन चला, अशी मी त्यांना विनवणी केली. माझा चेहरा पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. वर परांचीकडे पाहिलं. नवऱ्याची पाठ अजून विटांना टेकलेलीच होती. ‘‘तेंनी सांगल्याशिवाय मी हंयसून हलूचंय नाय,’’ त्या म्हणाल्या, आणि मला बसायला पाट दिला. चाळ त्यांच्याकडे बघत होती. त्या उठल्या असत्या तर सगळी चाळ उठली असती. त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

पाटावर काही मी बसलो नाही. तीन तास ओळंब्याजवळ उकिडवा बसून होतो. पाच वाजता तो थांबला. साडेपाचला मागे फिरला. सूर्य गिरण्यांमागे गेला तसा केसाकेसाने खिळ्याकडे येत राहिला, आणि दिवेलागणीला सकाळच्या खुणेच्या अगदी जवळ आला. कुणीही त्याला हात लावलेला नव्हता.

मिस्त्री सावकाश उतरून माझ्या शेजारी बसले. ‘‘ह्यां रोज असाच करता,’’ ते म्हणाले. ‘‘ऊन लागला की तोंड फिरवता.’’

मग मला उमगलं. दुपारचं ऊन पश्चिमेच्या विटांवर पडतं, त्या विटा तापून वाढतात आणि धुराडं उन्हाकडे पाठ करून पूर्वेला वाकतं. सकाळच्या उन्हात उलट. विटांची ती पावणेदोनशे फुटी रास रोज मान हलवत होती, माझ्या जन्माआधीपासून, आणि तिच्याखाली नोकरी करणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. माझी आधीच्या नऊ दिवसांची सगळी मापं दुपारची होती. म्हणजे सगळी चूक. आणि आज त्या चुकीच्या जोरावर मी पाचरी उपटायला निघालो होतो, एका झटक्यात, अर्धवट कापलेल्या धुराड्याच्या. पाचरी एकदम निघाल्या असत्या तर धुराडं जागेवर राहिलं नसतं.

पण मग आतापर्यंतचे काप बरोबर कसे आले? मी ते विचारलं तेव्हा मिस्त्री जरा ओशाळले. त्यांनी माझी फळी उलटी केली. मागच्या बाजूला कोळशाच्या खुणा होत्या, दहा दिवसांच्या, रोज सूर्य उगवायच्या आधीच्या. माझ्या आकड्यांना ‘होय होय’ म्हणून ते त्या खुणांप्रमाणे कापत होते.

‘‘मला सांगितलं का नाहीत?’’

‘‘तुमी इतक्या मनापासून लिवत होतास,’’ ते म्हणाले. ‘‘माका बरा नाय दिसला.’’

मला रागवायचं होतं, ते जमलं नाही. हसूही आलं नाही. मी त्या माणसाच्या पायांकडे बघत राहिलो, त्या आत वळलेल्या, डोलकाठी धरण्यासाठीच झालेल्या पायांकडे, आणि मला वाटलं की मी आयुष्यात पहिल्यांदा शिकलेला माणूस बघतोय.

अकराव्या दिवशी सहावा काप पुरा झाला. बाराव्या दिवशी उजाडताना, दोघांनी मिळून, माप घेतलं. तीन फूट झुकलेलं धुराडं मागे आलं होतं. पण ओळंबा खिळ्याच्या पलीकडे, पश्चिमेला, दोन बोटं होता. मी म्हटलं, मिस्त्री, जास्त झालं. ते म्हणाले, नाही, मुद्दामच. ‘‘दोन बोटां वाऱ्यासाठी ठेवलंय. पावसातलो वारो पश्चिमेचो, तो ढकलतलो. आता भार सरळ पायार आसा, सावकाश खातलो तो.’’ मला ते पटलं नाही. ड्रॉइंगमध्ये रेघ सरळ असते, तिला दोन बोटं ठेवायची सोय नसते. पण आदल्या दिवसांनंतर वाद घालायचं तोंड मला नव्हतं. बॉयलर पेटले, धूर वर गेला, चाळीतल्यांनी मिस्त्रींना खांद्यावर घेतलं आणि ते बिचारे ‘पडान, पडान’ म्हणत राहिले. पावणेदोनशे फुटांवर न घाबरणारा माणूस खांद्यावर घाबरला.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. हेड ऑफिसला अहवाल मी लिहिला. त्यात माझी दुपारची मापं होती, माझे आकडे होते, आणि ‘स्थानिक कारागिराच्या मदतीने’ एवढा एक शब्दप्रयोग होता. नाव नव्हतं. मला बढती मिळाली. साहेब जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की तुम्ही वर्तुळाचा चौकोन केलात. मी आभार मानले. जानू मिस्त्री दोन वर्षांनी गावी गेले आणि तिथेच वारले, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी तो अहवाल कधी पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी ‘होय होय’च म्हणाले असते.

मी निवृत्त झालो, गिरणी बंद पडली, चाळ गेली. एके दिवशी कळलं की तिथे मनोरे उभे राहणार आहेत आणि धुराडं उतरवायला घेणार आहेत. पितळी ओळंबा माझ्याकडेच राहिला होता, कपाटात. तो घेऊन मी पहाटे टॅक्सीने गेलो. उतरवणाऱ्या कंपनीचा मुकादम भला माणूस निघाला. म्हातारबुवांना काय हवंय ते त्याला नीट कळलं नाही, पण त्याने एक माणूस शिडीने वर पाठवला. शेंड्यावरची ती लोखंडी दांडी गंजली होती, पण होती. तिच्यावरून त्याने तार सोडली. फरशीवरची माती मी हाताने बाजूला केली. तांब्याचा खिळा हिरवा पडला होता. तेलाचं घमेलं नव्हतं, म्हणून मुकादमाच्या माणसांनी बादलीत पाणी आणून दिलं. ओळंबा त्यात बुडवून, शांत झाल्यावर मी बादली काढून घेतली आणि गुडघे टेकून खाली वाकलो.

टोक खिळ्यावर होतं. कुठे बोटभर नाही, केसभर नाही. इतक्या वर्षांच्या पावसांनी ती दोन बोटं खाऊन संपवली होती.

मुकादमाने विचारलं, ‘‘काका, काय झालं? वाकडं आहे का?’’

मी म्हटलं, नाही, सरळ आहे. आणि हे जानू मिस्त्रींचं काम आहे. त्याने ते नाव ऐकून मान डोलावली, घड्याळ पाहिलं आणि माणसांना वर जायला सांगितलं. सूर्य अजून उगवायचा होता.